तेलबर्फाचे अकरा दिवस

लाओयिंग कडा, बर्फ-निरीक्षण केंद्र
६ नोव्हेंबर २०१८

सुयुन,

तुझं पत्र खायमिंगने आणलं, बटाटे, कोळसा आणि मिरचीच्या बरणीबरोबर. बरणीचं झाकण नीट लागलेलं नव्हतं, त्यामुळे पत्राला अजून मिरचीचा वास येतोय. तुझा भाऊ दोन लाख वीस हजार व्होल्टच्या लाइनवर काम करतो आणि त्याला एक झाकण लावता येत नाही. तुम्हा दोघांना तुझ्या काकूने वाढवलं, मी नाही, त्यामुळे याचा दोष माझ्यावर येत नाही.

तुझ्या ऑफिसला माझ्या वह्या हव्यात म्हणतेस. चोवीस हिवाळ्यांच्या चोवीस वह्या खायमिंगच्या पाठीवर लादल्या आहेत. तो म्हणाला, "काका, यापेक्षा कोळसा वाहिलेला बरा, तो जाळता तरी येतो." वह्या परत हव्यात हे तुझ्या च्यू साहेबांना नीट बजावून सांग. सही घे त्यांची.

साहेब डोंगरावर कधी आले नसतील, म्हणून थोडं समजावून सांग. आमच्या अंगणात एक खोटी लाइन आहे, तिच्यात वीज नाही. काचेच्या तबकड्यांची एक इन्सुलेटरची माळ फक्त बर्फ धरायला टांगून ठेवलेली आहे. रोज आठ, दोन आणि आठ वाजता बाहेर जायचं, कॅलिपर लावायचा, जाडी रकान्यात लिहायची. पांढरं बर्फ भुसभुशीत असतं, दुरून आंधळ्यालाही दिसेल. तेलबर्फ वेगळं. लाकडावर तुंगचं तेल चढवावं तसं ते चढतं, काचेवर काच. दिसत काहीच नाही, पण टॉवर वाकवतं ते तेच. ते बोटांनीच कळतं.

तुमचा कॅमेरा सहा वर्षांपासून माझ्या डोक्यावर बसून ती माळ बघतोय. एवढ्या वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही की म्हातारबा, जेवलात का. असो. भिंतीवर कंपनीने दिलेली लाल पताका आहे, "वीस वर्षांत एकही रकाना रिकामा नाही". तीही हवी असली तर सांग.

इथे मोबाइल लागत नाही, केंद्राच्या फोनवर फक्त आकडे सांगायचे आणि प्रत्येक शब्द तिकडे टेप होतो, म्हणून तुला लिहीत बसतो. खायमिंग दर पंधरवड्याला वर येतो. त्याच्याजवळ उत्तर दे.

तुझा काका,
शिगुआंग

---

लियुपानश्वी
२० नोव्हेंबर २०१८

काका, नमस्कार.

वह्या पोचल्या. साहेबांनी सही केली, वर म्हणाले, "असलं अक्षर आता कुणाचं राहिलं नाही." मी आठवडाभर त्या चाळतेय. जेवताना वहीला हात लागू नये म्हणून जेवायच्या काठ्यांनी पान उलटते. हे वाचून तुम्ही ओरडणार, माहीत आहे.

आमचा प्रोग्राम करतो ते एवढंच. फोटोत तबकड्यांची कड शोधतो, कोऱ्या तबकडीशी ताडून बघतो, दोन तबकड्यांमधली फट किती बुजली ते मोजतो. पण फोटोवरून जाडी किती हे त्याला आपोआप कळत नाही. शिकवावं लागतं. हा फोटो, हा आकडा, असं हजारदा दाखवायचं. फोटो कॅमेऱ्याचा आणि आकडा तुमचा. म्हणजे काका, त्याला मोजायला तुम्हीच शिकवताय. यंदापासून चाळीस टॉवरवर कॅमेरे बसतायत.

पांढऱ्या बर्फाचे फोटो आमच्याकडे ढिगाने आहेत. अडचण तेलबर्फाची होती. ते आलं की कॅमेऱ्याच्या भिंगावरही चढतं आणि फोटो आंधळा होतो. सहा वर्षांत अकराच दिवस असे सापडले की वारा पाठीमागून होता, भिंग स्वच्छ राहिलं आणि तुमचे तिन्ही वेळचे आकडे आहेत. ८ ते १८ जानेवारी २०१३. आमच्यासाठी ते सोनं आहे.

ती तारीख वाचली आणि मी वही मिटून बसले. काकू १७ जानेवारीला गेली. मी छोंगछिंगला शिकत होते, रस्ते बंद होते. खायमिंग एकटा तिच्या माहेरी तिच्याजवळ होता आणि तुम्ही वर. तुम्ही मूठमातीलाही उतरला नाहीत. मी तुम्हाला कधी बोलले नाही, पण ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. आता ती पानं बघते तर १७ तारखेलासुद्धा तिन्ही रकाने भरलेले, अक्षर जराही हललेलं नाही. चार, पाच, पाच मिलिमीटर. त्या दिवशी तुमच्या मनाचं काय झालं असेल, हे मला आता कळतंय. मी इतकी वर्षं उगाच राग धरला. माफ करा.

सुयुन

---

लाओयिंग कडा
४ डिसेंबर २०१८

सुयुन,

दोन कागद फाडले, हा तिसरा.

माफी मागू नकोस. मला नको आहे ती.

आणि ते अकरा दिवस काढून टाक. त्या महिन्यात कॅलिपरचा स्क्रू ढिला होता. आकडे कमी लागले असतील. किती कमी ते सांगता येत नाही. त्या वेळी लक्षात आलं नाही, मागाहून आलं. तेव्हाचा जोडीदार लुओ पाय मोडून खाली होता, फोनची तार बर्फाने तुटलेली, मी एकटा, वय झालेलं. थोडक्यात, त्या पानांवर विसंबू नकोस. यंत्राला दुसरं काहीतरी दाखव.

खायमिंग आत्ता शेगडीच्या पत्र्यावर बटाटे भाजतोय आणि मला विचारतोय की तुझ्या लग्नाचं कधी बघायचं. मी म्हटलं, आधी तुझं होऊ दे. लाजला. एवढा बाप्या, पण लाजला की कान लाल होतात.

इथे अजून पांढरंच बर्फ पडतंय. तीन मिलिमीटर.

काका

---

लियुपानश्वी
१७ डिसेंबर २०१८

काका,

स्क्रू ढिला होता तर ८ तारखेच्या आधीचे आणि १८ नंतरचे आकडे बरोबर कसे? मी ताडून बघितलं. तुमची फसवायची सवय नाही, म्हणून पहिल्याच फटक्यात पकडले गेलात.

खरं सांगू का? मला कळतंय तुम्हाला काय होतंय. खायमिंगने सांगितलंच असेल की मार्चनंतर केंद्र बंद होणार. चोवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलेल्या माणसाला एक डबी येऊन "उतरा आता" म्हणते, तर राग येणारच. पण त्या रागापायी स्वतःचीच वही खोटी पाडू नका. ती पानं काढली तर प्रोग्रामला तेलबर्फ शिकवायला माझ्याकडे काहीही उरत नाही. च्यू साहेबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "म्हातारे लोक यंत्रावर रुसतात, रुसू दे."

चाचणी झाली. शंभरात शहाण्णव बरोबर. मात्र चाचणीतले फोटो बहुतेक पांढऱ्या बर्फाचे होते, हे मीच तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्ही बोट दाखवायला नको. पहिल्या तारखेपासून नियमही बदलतोय. माणूस टॉवरवर चढवायचा की नाही ते प्रोग्रामच्या आकड्यावर ठरणार. दहाच्या आत असेल तर चढून माळ झोडपायची, दहाच्या वर असेल तर माणूस खाली ठेवायचा आणि वीज सोडून बर्फ वितळवायचं. तुमचा हाताचा आकडा नुसता नोंदीसाठी घेतला जाईल. सकाळी फोनवर बहुतेक मीच असेन. तेवढंच तुमचं बोलणं कानावर पडेल.

खायमिंगचं लग्न ठरलं. वसंतसणानंतर पंधराव्या दिवशी. मुलगी श्वेचंगची आहे, शिक्षिका. तो लाजतो पण ती लाजत नाही, तेव्हा संसार नीट चालेल. मी मांस धुरीला टांगलंय. तुम्ही या वेळी उतरायचं. वहीचं कारण चालणार नाही.

सुयुन

---

लाओयिंग कडा
१८ जानेवारी २०१९, सकाळ

सुयुन,

हे सगळं नीट वाच. वाचून झाल्यावर मला काय म्हणायचं ते म्हण.

मी २०१३ साली ८ जानेवारीपासून अकरा दिवस इथे नव्हतो. ७ तारखेला संध्याकाळी खायमिंग चिंध्या गुंडाळलेल्या बुटांनी वर आला आणि म्हणाला, "काका, काकू तुमचं नाव घेतेय, चला." मी केंद्राला कुलूप लावलं आणि उतरलो. फोन बंद होता, त्यामुळे कुणाला कळलं नाही. मी तिच्या माहेरी होतो, त्या घरात आम्ही तिघंच. तिचे पाय शेकले, तिला सोजी भरवली. शेवटी तिला गिळता येईना तेव्हा कापूस भिजवून ओठांना लावला. १७ तारखेला दुपारी ती माझ्या हातावर गेली. फोनची तार जोडणारे १९ला वर यायचे होते, म्हणून मी १८ला पहाटे निघालो आणि तिला माती द्यायचं काम खायमिंगवर टाकलं. त्याला शपथ घातली की सुयुनलाही सांगायचं नाही. त्याने सहा वर्षं तोंडाला कुलूप लावलं. तू माझ्यावर राग धरलेला त्याला दिसत होता, तरी बोलला नाही.

रात्री उशिरा वर आलो तर वहीत तेहेतीस रकाने रिकामे. अठरा वर्षांत एकही रिकामा नव्हता. रिकामा रकाना म्हणजे जागा सोडून गेलेला माणूस, नोकरी गेली, पेन्शन गेली. मी शेगडीजवळ बसलो आणि भरले. चार, पाच, सहा, पाच. बसल्या जागी, मनाला येतील तसे. माळेवर तेव्हा किती होतं मला माहीत नाही. अंगणातली कपडे वाळवायची काठी मोडून पडली होती, म्हणजे पुष्कळच होतं. पुढच्या वर्षी त्यांनी पताका दिली.

मी गेलो याची मला लाज नाही. येऊन लिहिलं याची आहे.

तुझं यंत्र तेलबर्फ बघून जे बोलतं, ती माझी थाप आहे. माझ्याकडून शिकलंय.

आज सकाळी मी तुला फोनवर एकवीस सांगितलं. तू म्हणालीस, "काका, प्रोग्राम सात म्हणतोय." टेप चालू होती. मी "बरं" म्हणालो आणि ठेवून दिला. तेव्हापासून लिहितोय. खायमिंग काल शिधा घेऊन आलाय, समोर बुटांना घसरू नये म्हणून पेंढ्याची दोरी बांधतोय. त्याला तोंडाने सांगितलं तर तो म्हणेल, काका, फोन उचला आणि आत्ता बोला. म्हणून त्याला सांगत नाही, पाकीट चिकटवून देतो. कुणा परक्याने ते टेपवर ऐकण्याआधी तू वाचावंस, एवढीच इच्छा. संध्याकाळपर्यंत तुझ्या हाती पडेल. पडताक्षणी यंत्र बंद कर.

काका

---

लियुपानश्वी
२९ जानेवारी २०१९

काका,

तुमचं १८ तारखेचं पत्र मला २६ला मिळालं. चौकशीवाल्यांनी खायमिंगचे कपडे परत दिले, त्यात कोटाच्या आतल्या खिशात होतं. ओलं होऊन घडी चिकटली होती. शेगडीच्या पत्र्यावर वाळवून उलगडलं. शेगडीवर त्याच्या लग्नासाठी टांगलेलं मांस अजून तसंच आहे. मला ते उतरवता येत नाही.

काय घडलं ते तुम्हाला त्याच्या तुकडीने सांगितलंच असेल, तरी माझ्याकडून ऐका. तुमच्याकडून निघून तो खिंडीत पोचला, तिथे त्याची लाइनवाल्यांची तुकडी उभी होती. दुपारी दोनला निरोप गेला की तुमच्या कड्याखालच्या एकसष्ट नंबरच्या टॉवरची माळ झोडपायची आहे, प्रोग्राम तिथेही सात दाखवतोय, चढायला हरकत नाही. तो निरोप मी पाठवला. तुमचा एकवीस माझ्यासमोर कागदावर होता. मी तो नोंदीत लिहिला आणि मनात म्हटलं, काका अजून रुसलेत. खायमिंगने वर जाऊन दोन घाव घातले, एका बाजूचं बर्फ सुटलं, तार उसळली आणि टॉवरचा आडवा हात तुटला. खायमिंग त्याच हाताला बांधलेला होता, म्हणून त्याच्याबरोबरच खाली आला.

२२ला तुम्ही मूठमातीला आलात. दिवसभर माझ्याशेजारी उभे होतात आणि सारखे माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, मला धीर देताय. तुम्हाला वाटत होतं मी पत्र वाचलंय. मी काही बोलत नाही म्हणजे मी तुम्हाला सांभाळून घेतेय, असंच वाटलं ना? म्हणून तुम्ही गप्प परत चढून गेलात.

चौकशीत मी माझं सांगितलं. एकवीस ऐकला होता आणि बाजूला ठेवला, असं लिहून दिलं. ते च्यू साहेबांना आवडलं नाही. अहवालात भिंगावर धुकं होतं असं येणार आहे. भिंगाला दोष दिला की कुणालाच लागत नाही. तोच प्रोग्राम चाळीस टॉवरवर अजून चालू आहे. बंद करा म्हटलं तर म्हणतात, कारण दे. कारण तुमच्याकडे आहे.

पत्र मी कुणाला दाखवलेलं नाही. जाळलेलंही नाही. शुक्रवारी सकाळी नऊला साहेबांच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी तुम्ही स्वतः बोललात तर ठेवायची गरज पडणार नाही.

तुम्ही काकूजवळ होता हे मला सहा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तेवढंच कळलं असतं तरी मी ती पानं हातात घेऊन थांबले असते.

हे पत्र आणणारा मुलगा त्या दिवशी खायमिंगच्या दोराचं खालचं टोक धरून होता. त्याला काहीतरी गरम प्यायला द्या. त्याला काही विचारू नका.

सुयुन

---

लाओयिंग कडा
३१ जानेवारी २०१९

सुयुन,

तो मुलगा पहाटे पोचला, दोन वाट्या सूप प्यायला आणि शेगडीजवळ बसल्या बसल्या झोपला. मी उठवलं नाही. हे पत्र जागा झाल्यावर त्याच्याजवळ देतो.

सकाळी आठला फोन उचलला. तिकडे कुणी नवीन पोरगी होती. म्हणाली, "लाओयिंग, आकडा सांगा." मी म्हटलं, आज आधी जुने आकडे सांगतो, टेप चालू आहे ना बघ. मग सगळं सांगितलं. ८ ते १८ जानेवारी २०१३, मी केंद्रात नव्हतो, तेहेतीस आकडे मी बाहेर न जाता लिहिले, प्रोग्राम त्यांवर शिकलाय, त्यामुळे तेलबर्फ असलं की तो खऱ्या जाडीचा तिसरा हिस्साच सांगतो, एकसष्ट नंबरला असंच झालं. नाव, हुद्दा, तारीख सांगितली. पोरगी हळूच म्हणाली, "काका, हे मी कुठल्या रकान्यात लिहू?" मी म्हटलं, साहेबांना बोलाव.

साहेब आले. आधी चिडले, मग समजूत घालायला लागले की पेन्शनला दोनच महिने राहिलेत, विचार करा. मी म्हटलं, केला, सहा वर्षं केला. दुपारी परत फोन आला. चाळीसही टॉवरचे कॅमेरे नुसते फोटो काढतील, कुणाला चढवायचं ते त्यांच्यावर ठरणार नाही. माझी चौकशी होईल. तोवर मी इथेच राहायचं आहे, कारण या हवेत दुसरं कुणी वर यायला तयार नाही.

आता तुझं काम. जानेवारी २०१३ च्या पानांवर आडवी रेघ मार आणि शेजारी माझं नाव लिही.

काल दुपारपासून इथे तेलबर्फ आहे. आज सकाळपासून दर तासाला शिडी लावून भिंग कोमट फडक्याने पुसतो, खाली उतरून लगेच माळ मोजतो. आठला एकोणीस, नऊला वीस, दहाला साडेवीस. दुपारपर्यंत सहा फोटो, सहा आकडे. सोबत कागद जोडलाय. हे हाताने मोजलेले आहेत. हे दाखव त्याला. जितके दिवस हे बर्फ राहील तितके दिवस मोजत राहीन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आकडे तेवढे उचल.

मी एक शब्द तोंडाने बोललो असतो तर खायमिंग आज असता. तो समोर बसून दोरी बांधत होता, हाताच्या अंतरावर. मी त्याच्या खिशात पाकीट घातलं, वरून बटण लावलं आणि म्हटलं, नीट जा. तो म्हणाला, "काका, हे तरी न सांडता पोचवतो." हे मला आता रोज ऐकू येतं.

एक शेवटचं. यंदाची वही मी मार्चमध्ये पाठवीन. तिच्यात १८ तारखेची दुपार आणि संध्याकाळ भरलेली आहे. मला खाली काय झालं ते अजून कळलं नव्हतं. २२ जानेवारीचे तिन्ही रकाने रिकामे आहेत. मी त्या दिवशी खायमिंगला माती द्यायला उतरलो होतो. पंचवीस हिवाळ्यांत मी रिकामे सोडलेले हे पहिलेच. ते तसेच राहू दे. पुढेमागे कुणी फोटो बघून आकडा टाकायला निघालं तर त्याला अडव. सांग, त्या दिवशी इथे मोजायला कुणी नव्हतं.

काका